खोटे ठरेपर्यंत खरे

नरडाण्याला औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, पुढे बोरविहीर–नरडाणा रेल्वेमार्गासाठी मोजण्या झाल्या. या प्रत्येक वेळी शिंदखेडा तालुक्यातल्या शेतकऱ्याला एकच कागद आधी मागितला गेला: सातबाऱ्याचा उतारा. मोबदल्याची नोटीस निघते ती उताऱ्यावरच्या नावाने. प्रत्यक्षात जमीन कोण कसतो, आजोबांनी ती कुणाला तोंडी देऊन टाकली होती, चुलत्याचे नाव कमी झाले ते त्याच्या सहीने की सहीशिवाय, हे सगळे नंतरचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 157 सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित केलेली फेरफाराची नोंद, एरवी सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे दुसरी नोंद येईपर्यंत, खरी आहे असे गृहीत धरले जाईल.

सर्वोच्च न्यायालय अनेकदा बजावून सांगत आले आहे की फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसूल वसुलीपुरती आहे. गावात हे कुणाला पटत नाही, आणि गावाचे फार चुकते असेही नाही. ज्याच्या बाजूने गृहीत धरले जाते तो घरी बसतो आणि दुसऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. दिवाणी दाव्याला किती वर्षे लागतात हे ठाऊक असलेल्या माणसाला गृहीत धरणे आणि निकाल देणे यांतला फरक पुस्तकी वाटला तर नवल नाही.

खरे काय ते कळत नाही आणि निकाल तर दिलाच पाहिजे, अशा वेळी कायद्याने कुणाच्या पारड्यात वजन टाकायचे? हा प्रश्न इंग्रजांनी आणलेला नव्हे. बाराव्या शतकात, जवळजवळ एकाच दशकांत, दोन ठिकाणी माणसे त्यावर डोके खाजवत बसली होती. एक ठिकाण आपल्या अंगणातले, दुसरे इटलीतले, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

आपल्या बाजूचे ठिकाण कल्याणी, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य 1076 ते 1126 पर्यंत राज्यावर होता. त्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे बंगाल वगळता जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात वारसाहक्काचे वाद याच ग्रंथावर तोलले गेले. खानदेशही त्यातच. दुसरे ठिकाण बोलोन्या. तिथे इर्नेरिअस नावाचा पंडित, ज्याचे नाव 1112 ते 1125 या काळातल्या कागदपत्रांत सापडते, सहाव्या शतकातल्या जस्टिनियन बादशहाच्या कायदेसंग्रहाच्या समासांत टिपा लिहीत होता. एकीकडे स्मृती, दुसरीकडे रोमन संहिता. दोन्ही ग्रंथ शेकडो वर्षे जुने, दोन्ही पूज्य, आणि दोन्हींत आपसांत न जुळणारी वचने. टीकाकाराचे काम दोन्हीकडे सारखेच: एकही वचन न सोडता सगळ्यांतून एक अर्थ बसवायचा.

याज्ञवल्क्याचे एक वचन विज्ञानेश्वराला फार जड गेले. मालक डोळ्यांनी पाहत असताना, चकार शब्द न काढता, परक्याने त्याची जमीन 20 वर्षे उपभोगली तर मालकाची हानी होते. जंगम वस्तू असेल तर 10 वर्षांत. वाचायला सरळ आहे. पण हानी कशाची? जमिनीची म्हणावी, तर 20 वर्षे दांडगाई करणाऱ्याला बक्षीस मिळाल्यासारखे होते. भोगाने मालकी उत्पन्न होत नाही, ती खरेदी, दान, वाटणी, वारसा अशा मार्गांनीच येते. एरवी प्रत्येक चोर मालक झाला असता. मग वचनाचे करायचे काय? विज्ञानेश्वर पूर्वपक्ष मांडतो, खोडतो, पुन्हा दुसरा मांडतो, आणि शेवटी निवाडा देतो की हानी होते ती उत्पन्नाची. गेलेल्या वर्षांचे पीक मागता येणार नाही, जमीन मागता येईल. ही वाट काढताना त्याने वचनाला बराच पीळ दिला आहे, हे त्याचा चाहतासुद्धा कबूल करील. तरी त्याची कळकळ लपत नाही. गप्प बसलेल्या माणसाचे शेत त्याच्या गप्पपणामुळे जावे, हे त्याला सहन होत नाही.

पण तोच विज्ञानेश्वर पुढच्या वचनापाशी वेगळा बोलतो, कारण तिथे काळ आडवा येतो. मालकीचा दस्त भोगापेक्षा बलवान, पण पूर्वजांपासून चालत आलेल्या भोगाला हे लागू नाही. ज्याने स्वतः जमीन मिळवली त्याला कुणी हटकले तर ती कशी मिळाली हे त्याने दाखवावे. त्याच्या मुलाने किंवा नातवाने दाखवण्याची गरज नाही, त्यांच्यापाशी भोगच वरचढ. बापाला खरेदीचे साक्षीदार आणता येतात, नातवाला कुठून आणता येणार? माणसाचे आयुष्य शंभर वर्षांचे धरून मिताक्षरेने स्मरणाच्या काळाची हद्द तेवढीच मानली. त्या हद्दीच्या आत दस्त दाखवा. त्यापलीकडे अखंड, निर्वेध भोग असेल तर मुळात दस्त होता असे मानले जाईल. नसलेला पुरावा काळाच्या जोरावर आहे असे मानणे, हेच गृहीतक.

या सगळ्याला याज्ञवल्क्याने एक अपवादांची यादी जोडली आहे. गहाण, सीमा, ठेव, अजाण आणि मंदबुद्धी माणसांचे धन, राजाचे, स्त्रियांचे आणि वेदाध्ययन करणाऱ्या श्रोत्रिय ब्राह्मणांचे धन कितीही वर्षे दुसऱ्याने भोगले तरी बुडत नाही. ज्यांना आपल्या मालावर लक्ष ठेवणे जमत नाही, किंवा ठेवायला सवड नाही, त्यांच्या गप्पपणाचा अर्थ काढू नये, हे त्यामागचे तत्त्व. यादीत श्रोत्रिय आहेत, राजा आहे. तापीकाठच्या रानात फिरती शेती करणारा भिल्ल तिच्यात नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो नव्हताच.

खानदेशात त्या काळी लिहिलेला हक्क कसा दिसत होता? चाळीसगावजवळ पाटण इथे 1207 सालचा शिलालेख आहे. निकुंभ घराण्यातला सोन्हदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठाला दान दिले, त्याची ती नोंद. मठ उभारणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. गणिताच्या इतिहासकारांनी हा लेख डोक्यावर घेतला, ते योग्यच. पण तो कायद्याचाही कागद आहे. मठाला कुठले उत्पन्न मिळायचे ते त्यात दगडावर कोरले आहे, आणि तो भाग मराठी वळणाचा आहे. स्तुती संस्कृतात, देणेघेणे लोकभाषेत. नातवाच्या नातवाला साक्षीदार आणता येणार नाहीत हे ओळखूनच दगड निवडला गेला.

आता बोलोन्याकडे वळू. जस्टिनियनच्या संग्रहात पुरावा आणि गृहीतके यांवर एक प्रकरणच होते, पण त्यातली सामग्री विस्कळीत होती. एका ठिकाणी रोमन पंडित क्विंटस म्यूसिअस याचे मत नोंदले होते: बायकोजवळची एखादी वस्तू कुठून आली हे कळत नसेल तर ती नवऱ्याकडूनच आली असे मानावे. कारण असे दिले की त्यामुळे तिच्यावर गलिच्छ संशय यायचा नाही. स्त्रीच्या अब्रूची काळजी घेतल्याच्या मिषाने तिच्या पेटीतले सगळे नवऱ्याच्या नावावर! आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या चर्चा वाचलेल्या माणसाला यात अनोळखी काहीच वाटणार नाही. लग्नाच्या बायकोचे मूल नवऱ्याचेच, हेही रोमन कायद्यात होते. अशा सुट्या मतांना बाराव्या-तेराव्या शतकांतल्या पंडितांनी एका दोऱ्यात ओवले.

त्यांनी उतरंड लावली. काही गृहीतके न्यायाधीशाच्या अकलेवर सोडलेली: परिस्थिती पाहून वाटले तर माना. काही कायद्याने सांगितलेली: मानलेच पाहिजे, पण समोरच्याला उलट पुरावा देण्याची मुभा आहे. आणि काही अशी की मानलेच पाहिजे आणि उलट पुरावा ऐकूनही घ्यायचा नाही. बोलोन्याचाच टांक्रेड याने 1216 च्या सुमारास न्यायपद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यातही उथळ, संभाव्य, जबर असे गृहीतकांचे भेद आहेत. 1234 मध्ये पोप नववा ग्रेगरी याने चर्चच्या कायद्याचा अधिकृत संग्रह काढला, तेव्हा गृहीतकांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. दोन बायका एकाच मुलावर हक्क सांगतात आणि शलमोन राजा तलवार मागवतो, ही बायबलमधली गोष्टही त्या प्रकरणात सापडते. आईच्या किंकाळीवरून आई ओळखायची, हे जबर गृहीतकाचे उदाहरण.

चर्चला सगळ्यात जास्त गरज पडली ती लग्नाच्या भांडणांत. पोप तिसरा अलेक्झांडर (1159–1181) याच्या काळात लग्नाला पुरोहित लागत नव्हता, साक्षीदारही नव्हे. दोघांचा होकार पुरे. मग एकाने म्हणावे झाले, दुसऱ्याने म्हणावे झालेच नाही. तोडगा निघाला तो असा: पुढे लग्न करू असे वचन दिले आणि त्यानंतर शरीरसंबंध आला, तर त्या क्षणी लग्न झाले असे मानायचे. नववा ग्रेगरी आणखी पुढे गेला. याविरुद्ध पुरावाच घ्यायचा नाही, असे त्याने ठरवले. पुरुष शपथेवर सांगो की माझ्या मनात लग्न नव्हते. कायदा म्हणणार, होते. माणसाने पाप केले असे मानण्यापेक्षा लग्न केले असे मानावे, ही त्यामागची धारणा. फसवल्या गेलेल्या कित्येक मुलींना या नियमाने नवरा मिळवून दिला असेल, आणि तसला नवरा मिळून त्यांचे भले किती झाले हे वेगळे. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने लग्नाला धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले आणि ही गृहीत लग्ने जवळजवळ संपली. गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेचे साल 1567, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर चर्चचा कायदा पोहोचला तो हा नियम ओसरत असताना.

फौजदारीत मात्र गृहीतकाचा रंग बदलतो. नारदस्मृतीत एक गंमतीदार वाटणारी आणि नीट पाहिल्यास भीतिदायक यादी आहे. हातात पलिता असलेला सापडला तो आग लावणारा. शस्त्र हातात असलेला तो मारणारा. फुटलेल्या बांधाजवळ कुदळ घेऊन उभा तो बांध फोडणारा. कुऱ्हाड हातात तो झाड तोडणारा. या ठिकाणी साक्षीदार नकोत. पण मारहाणीच्या खुणांपाशी नारद सावध करतो: द्वेषापोटी माणूस स्वतःच्या अंगावर वळ उठवून दुसऱ्यावर आळ घेऊ शकतो, तेव्हा तर्काने पारखून घ्या. आणि तोच नारद मांडव्य ऋषीची आठवण देतो. चोरांनी लूट मांडव्याच्या आश्रमात दडवली. राजाच्या शिपायांनी विचारले तेव्हा त्याचे मौनव्रत चालू होते. मुद्देमाल सापडला, आरोपी बोलत नाही, दिला सुळावर. महाभारतात ही कथा यमधर्माला शाप देण्यापर्यंत जाते, पण धर्मशास्त्रकारांना तीत न्यायाधीशासाठी धडा दिसला: व्यवहाराच्या साच्यात चोर नसलेला माणूस चोर ठरला.

ताज्या चोरीचा माल ज्याच्यापाशी सापडला तो चोर तरी असावा किंवा जाणूनबुजून माल ठेवून घेणारा तरी, हे गृहीतक 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 114 चे पहिलेच उदाहरण होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच उदाहरण कलम 119 मध्ये जसेच्या तसे आहे. मांडव्य आज पकडला गेला तर त्याच्यावर याच कलमाचा प्रयोग होईल. फरक इतकाच की त्याचा वकील बोलू शकेल.

युरोपात उलट बाजूचे गृहीतक एका फ्रेंच कार्डिनलने शब्दांत बसवले. योहानेस मोनाकुस, फ्रेंच नाव जाँ लम्वान, मृत्यू 1313. पोप आठवा बोनिफेस याच्या एका आदेशावर टीका लिहिताना त्याने विचारले की पोप तरी कुणाला न बोलावता, न ऐकता दोषी ठरवू शकतो का? नाही, कारण देवालाही आदामाचा गुन्हा ठाऊक असताना त्याने आधी हाक मारून आदामाला समोर बोलावले. त्याच ओघात त्याने लिहिले की दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष मानला जातो. आदामाची सुनावणी त्याच्या आधी दीडशे वर्षे पंडितांच्या चर्चेत होती, पण तिच्यातून हे वाक्य त्याने काढले. आज जगभरच्या राज्यघटनांना आणि वकिलांना पाठ असलेले तत्त्व चर्चच्या एका आदेशाच्या समासातल्या टिपेतून आले आहे. ज्या चर्चने पाखंड्यांना यातनायंत्रावर ताणले, त्याच चर्चच्या.

ताणण्याचाही गृहीतकाशी संबंध होता. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने पुरोहितांना दिव्य करवण्यास मनाई केली. तापलेले लोखंड, उकळते पाणी यांना आशीर्वाद देणारा धर्मगुरूच हटला, तेव्हा देवाच्या साक्षीचा मार्ग बंद झाला. आता सगळे माणसांनीच ठरवायचे. रोमन-चर्चच्या पद्धतीत गंभीर गुन्ह्याला दोन प्रत्यक्षदर्शी किंवा कबुलीजबाब हवा. प्रत्यक्षदर्शी क्वचितच मिळतात. मग चिन्हे, संशय, गृहीतके यांची बेरीज अर्धा पुरावा मानली जाऊ लागली, आणि अर्धा पुरावा जमला की उरलेला अर्धा यातना देऊन कबुलीतून काढायचा. दिव्य रानटी म्हणून बंद केले आणि त्याची जागा भरायला छळ आला. सुधारणेच्या इतिहासात असले हिशेब फार वेळा लागतात.

आपल्याकडे दिव्य बंद झाले नाही. मिताक्षरेत पुराव्याचा क्रम स्पष्ट आहे: लेख, भोग, साक्षी, आणि यांतले काहीच नसेल तर दिव्य. मराठेशाहीत हाच क्रम गोतसभेत चाले. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा 1953 चा ग्रंथ महजरांनी, म्हणजे अशा सभांच्या निवाडापत्रांनी, भरलेला आहे. वतनाचे भांडण आले की पांढरी, म्हणजे गावची वस्ती, जमायची, वादी-प्रतिवादींच्या तकरीरा (जबान्या) लिहून घ्यायच्या, शेजारच्या गावांचे पाटील बोलवायचे, वृद्धांना शपथा घालायच्या, आणि निवाड्याखाली निशाण्या यायच्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. एवढ्याने भागले नाही तर रवा. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमोर उघडून पाहायचा. डाग नाही, वतन त्याचे.

माझे मत असे की आपल्याकडे गृहीतकांची उतरंड युरोपाइतकी वाढली नाही याचे एक कारण हेच. शेवटचा दरवाजा देवाकडे उघडा होता. जिथे कळत नाही तिथे देवाला विचारता येत असेल, तर मानून चालण्याचे बारकावे कोण घोळत बसेल? बोलोन्याच्या लोकांची ही सोय 1215 ला काढून घेतली गेली, म्हणून त्यांना डोके चालवावे लागले.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या दप्तरांत असे महजर विपुल आहेत. त्यांचे निधन 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. नरडाण्याहून तासाभराच्या अंतरावर ही सामग्री आहे.

मधल्या काळात खानदेशावर फारुकींचे राज्य होऊन गेले. शिरपूर तालुक्यातले थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी, तिथल्या कबरी अजून उभ्या आहेत, पुढे बुऱ्हाणपूर. 1601 मध्ये अशीरगड पडला आणि राज्य अकबराकडे गेले. काझीच्या न्यायातही मूल शय्येच्या मालकाचे हा नियम होता, आणि एकदा असलेली स्थिती बदलल्याचे दिसेपर्यंत ती तशीच चालू आहे असे धरण्याचे तत्त्वही. म्हणजे थाळनेरचा काझी, पैठणचा शास्त्री आणि गोव्यातला पाद्री हे तिघेही लग्नातल्या मुलाच्या बापाबद्दल एकमताने बोलले असते.

खानदेशाचे स्वतःचे म्हणावे असे गृहीतक मात्र चोराच्या मागाचे. गावात चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा. खानदेशात जागले बहुतेक भिल्ल. माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करायचा. त्याने आपल्या शिवेतून पुढे काढून दाखवायचा. ज्या गावात माग थांबला त्या गावाने चोर द्यावा किंवा भरपाई द्यावी. याज्ञवल्क्याच्या चोरीच्या प्रकरणात हाच नियम आहे: माग बाहेर गेल्याचे दिसले नाही तर दोष गावाचा. चोर गावातच आहे हे कुणाला माहीत नसते, पण माग पुढे काढण्याचे काम ज्या गावाला सगळ्यात सोपे त्याच्यावर ओझे टाकले की चोर सापडण्याची शक्यता वाढते. ही शुद्ध व्यवहारबुद्धी आहे, आणि ती पोथीत व शिवेवर दोन्हीकडे सापडते.

1818 ला खानदेश इंग्रजांकडे आला. जॉन ब्रिग्ज याच्याकडे कारभार आला तेव्हा सातपुडा-सातमाळ्यात भिल्लांचे बंड पेटलेले होते, आणि हक्क बुडालेले जागले-नाईक त्यात होते. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. जेम्स औट्रमने त्याच माणसांना शिपाई केले. इथवर शहाणपण दिसते. पण त्याच राजवटीने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लावण्याची सोय केली, आणि काही जातींत जन्मलेला माणूस जन्मतःच संशयित ठरला. हजेरी, पास, तपासणी. मोनाकुसचे वाक्य इंग्रज न्यायाधीश अभिमानाने उच्चारीत होते त्याच दशकांत पारध्याच्या पोरासाठी ते उलटे लिहिले गेले. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला. पोलिसांच्या मनातून तो कधी रद्द झाला याची तारीख देता येत नाही.

जमिनीच्या बाबतीत मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या 1827 च्या नियमावलीने सरळ सांगितले की स्थावर 30 वर्षांहून अधिक काळ मालक म्हणून अखंड ताब्यात असेल तर तोच मालकीचा पुरेसा पुरावा. विज्ञानेश्वराची शंभर वर्षे तिसावर आली. रोमन कायद्यातही एरवीची लांब मुदत 30 वर्षांचीच, आणि चर्चने तीवर अट घातली होती की एवढ्या सगळ्या काळात ताबेदाराच्या मनात खोट नसावी. एल्फिन्स्टनने मनात डोकावण्याची जबाबदारी घेतली नाही. मग जेम्स फिट्झजेम्स स्टीफनचा 1872 चा पुरावा कायदा आला. त्याच्या कलम 4 मध्ये तीन पायऱ्या होत्या: न्यायालय गृहीत धरू शकेल, न्यायालय गृहीत धरील, आणि निर्णायक पुरावा. बोलोन्याची उतरंडच ती, लॅटिन पोशाख काढून ठेवलेली. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर. लग्नाच्या काळात जन्मलेले मूल औरस, हा निर्णायक पुरावा. 2014 मध्ये विदर्भातल्या एका दांपत्याच्या पोटगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए चाचणीला या गृहीतकाच्या वर बसवले, तरी 2023 चा नवा अधिनियम लिहिताना संसदेने ते कलम 116 मध्ये तसेच ठेवले.

1872 च्या त्याच कायद्यात आणखी एक साधे कलम होते: 30 वर्षे जुना दस्त योग्य ठिकाणाहून पुढे आला तर त्यावरची सही खरी मानता येईल. योग्य ठिकाण म्हणजे जिथे असा कागद असायला हवा तिथे. खानदेशातल्या कर्जाचे कागद असायचे सावकाराच्या पेटीत. भिल्लाजवळ पेटीच नव्हती. कागद लिहिणारा कुलकर्णी, साक्षीदार सावकाराचे, अंगठा भिल्लाचा, आणि कोर्ट त्या अंगठ्यावर विश्वास ठेवणार. पुणे-नगरकडच्या 1875 च्या दंग्यांनंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, त्यात न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा असे होते. हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता.

1903 मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला, 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यात मिसळला आणि नोंद खरी मानण्याचे कलम तयार झाले. कलम 157 हे त्याचेच आजचे रूप. कुळकायद्याने याच नोंदींना एकदा उलटे वळण दिले. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस घरचा, नोकर किंवा गहाणदार नसेल तर तो कूळ मानला गेला, आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी त्याने जमीन विकत घेतली असेही मानले गेले. पीकपाहणीच्या रकान्यात ज्याचे नाव होते तो मालक झाला. ज्याचे नाव तलाठ्याने लिहिले नाही तो मजूर राहिला. शहादा-तळोद्याकडे, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातच, 1971-72 मध्ये अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आदिवासींनी गेलेल्या जमिनींवर हक्क सांगितला तेव्हा झगडा कागदाशीच होता. त्यानंतर आलेल्या जमिनी परत करण्याच्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातले आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे झालेले व्यवहार उघडून पाहण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्याला दिली. अंगठा असो, रजिस्ट्री असो.

कुळकायद्याचे गृहीतक आजही कुणी विसरलेले नाही. शिंदखेडा तालुक्यात निम्मेबटाईने दिलेली शेती बहुतेक तोंडी असते. लेखी करार केला तर उद्या बटाईदार कूळ म्हणून उभा राहील ही मालकाची धास्ती, आणि लेखी मागितला तर पुढल्या वर्षी शेत मिळणार नाही ही बटाईदाराची. म्हणून दोन-तीन हंगामांनी माणूस बदलायचा, एकाच्या हातून सलग वहिवाट होऊ द्यायची नाही. वस्तुस्थितीचा अंदाज बांधण्यासाठी केलेला नियम इथे वस्तुस्थितीच घडवतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली; खातेदार आपल्या मोबाइलवरून आपल्या शेतातल्या पिकाचा फोटो चढवतो. ताबा दुसऱ्याचा असेल तर तलाठ्याने नमुना 14 भरून तहसीलदाराकडे पाठवायचे, हा नियम पुस्तकात आहे. कापूस बटाईदाराने लावला, निंदला, वेचला; पीकविमा, अनुदान आणि वहिवाटीची नोंद खातेदाराच्या नावाने पडते, आणि एरवी सिद्ध होईपर्यंत ती खरी.